'अहो बाई' म्हणणारे शंभर, 'अगं' म्हणणारी तू

पत्र बरंच मोठं होतं, ओळख पटेल असं सगळं काढून थोडक्यात देतेय.

"ताई, माझी लहानपणीची मैत्रीण दीड महिन्यापूर्वी गेली. दुसरीपासून दहावीपर्यंत आम्ही एका बाकावर. पुढे ती गणिताची शिक्षिका झाली, 27 वर्षं शिकवलं, मुलं तिच्यावर जीव टाकायची. आता विद्यार्थ्यांनी येत्या रविवारी स्मरणसभा ठेवलीय आणि मला बालमैत्रीण म्हणून 5 मिनिटं बोलायला सांगितलंय. पण मला आठवते ती मुलगी वेगळीच आहे. ती अडखळत बोलायची, 'स' आणि 'क' आला की गाडी अडायची, वर्गातली मुलं नक्कल करायची. मी मध्येच शब्द पुरवला तर चिडायची, 'थांब ना, येतंय मला' म्हणायची. सतराचा पाढा तर तिला एकटीला म्हणताच यायचा नाही, दोघी मिळून म्हटला की सुरळीत. सहावीत गणितात नापास झाली तेव्हा प्रगतिपुस्तकावर वडिलांची सही तिने स्वतःच ठोकली, मी दारात पहारा देत होते. हे सगळं त्या मुलांसमोर सांगायचं का? त्यांच्या ग्रुपवर तर ती देवी झालीय. कोणी लिहिलंय बाई कधी रागावल्याच नाहीत (साफ खोटं!), कोणी लिहिलंय बाई आमची दुसरी आई. एकाने लिहिलंय की फळ्यापाशी उत्तर येईना आणि बाकीचे हात वर करायला लागले की बाई म्हणायच्या 'थांबा, येतंय त्याला'. एकीने लिहिलंय की बाईंच्या तासाला नववी-दहावीतसुद्धा पाढे सगळ्यांनी एकत्र म्हणायचे. हे वाचून मला रडू येत नाही, चीड येते.

आणि खरी गोष्ट ही की गेली 6 वर्षं आम्ही बोलत नव्हतो. माझी आई आजारी होती तेव्हा ती एकदाच येऊन गेली, तिच्या दहावीच्या मुलांची परीक्षा होती. मी म्हटलं, तुला जगातल्या सगळ्या पोरांसाठी वेळ आहे, फक्त माझ्यासाठी नाही. तिथे संपलंच. मागच्या वाढदिवसाला तिचा मेसेज आला, 'आठवण येते गं'. मी अंगठा पाठवला. नुसता अंगठा. आता कुठल्या तोंडाने स्टेजवर जाऊ? दुःखाचे पाच टप्पे असतात म्हणे, मी तर एकाही टप्प्यात नाही. मला बोलायचा हक्क तरी आहे का?"

अगं,

तूच लिहिलंयस की अरे-तुरे केलं तर बरं वाटेल, म्हणून तशीच बोलते. हक्काचा प्रश्न आधी घेऊ कारण बाकी सगळं त्याच्यावरच अडलंय. हो, जा आणि बोल. त्या हॉलमध्ये तिला 'अहो बाई' म्हणणारे शंभर जण असतील, जास्तच असतील, त्यांच्याकडे तिच्या 27 वर्षांच्या आठवणी आहेत आणि त्या ते सांगतीलच. नवरा असेल, मुलगी असेल, पण त्यांना ती भेटली तेव्हा ती मोठी झालेली होती, घडलेली होती. दोन वेण्या आणि दप्तर असलेल्या, वर्गात उभं राहायला घाबरणाऱ्या त्या पोरीला 'अगं' म्हणून हाक मारणारी तिथे फक्त तू असणार आहेस. तू बोलली नाहीस तर तिची ती नऊ वर्षं त्या सभेत येणारच नाहीत, दुसऱ्या कोणाकडे ती नाहीतच गं. 6 वर्षांचा अबोला त्या नऊ वर्षांना पुसत नाही.

आता एक काम कर. तुझंच पत्र परत वाच, पण यावेळी दुसऱ्या कोणाचं असल्यासारखं. मी तीनदा वाचलं आणि तिसऱ्यांदा वाचताना अंगावर काटा आला. तू बाकावरच्या मुलीबद्दल लिहिलंस, 'थांब ना, येतंय मला'. आणि पुढे ग्रुपवरच्या एका विद्यार्थ्याचं लिहिलंस, बाई म्हणायच्या 'थांबा, येतंय त्याला'. तेच वाक्य आहे! फक्त 'मला'च्या जागी 'त्याला' आलंय. आणि पाढ्याचंही तेच, एकटीला यायचा नाही, दोघींनी मिळून म्हटला की यायचा, मग तीस वर्षांनी तिच्या वर्गात नववीच्या घोड्यांनासुद्धा पाढे एकत्र म्हणायला लागायचे. तू दोन्ही लिहिलंस, एकाच पानावर, आणि तुला ते दिसलं नाही. रागात आणि दुःखात नाही दिसत, मलाही दिसलं नसतं.

जे लोक अडखळत बोलतात त्यातल्या बहुतेकांचं अडखळणं दुसऱ्याबरोबर एका सुरात बोलताना किंवा गाताना एकदम कमी होतं, ही फार जुनी माहीत असलेली गोष्ट आहे, वाचा-उपचार करणारे लोक रोज बघतात. आणि समोरच्याने मध्येच शब्द पुरवणं, 'सावकाश बोल, श्वास घे' असं सांगणं, याने मदत होत नाही, उलट दडपण येतं, शांतपणे थांबून ऐकणं हीच मदत, असंही तेच लोक सांगतात. तुझ्या मैत्रिणीला हे कोणी शिकवलं नव्हतं, तिला ते बाकावर बसून कळलं होतं, आणि तिने ते वर्गात नेलं. एका सरळ बोलणाऱ्या, गणितात हुशार असलेल्या मुलीला ते कदाचित कधीच सुचलं नसतं.

शिक्षकाच्या थांबण्यावर तर अभ्यासही झालेला आहे. मेरी बड रो नावाच्या अमेरिकन बाईंनी वर्गातल्या तासांची रेकॉर्डिंग ऐकून 1970च्या दशकात दाखवलं की शिक्षक प्रश्न विचारल्यावर उत्तरासाठी सरासरी जेमतेम 1 सेकंद थांबतात, मग दुसऱ्याला विचारतात किंवा स्वतःच सांगून टाकतात. हाच वेळ 3 सेकंद किंवा जास्त केला की मुलांची उत्तरं लांब होतात, जी मुलं एरवी गप्प बसतात ती बोलायला लागतात, 'माहीत नाही' कमी होतं. 3 सेकंद म्हणजे किती ते मोजून बघ, वर्गात चाळीस मुलं बघत असताना ते फार लांब वाटतात. तुझी मैत्रीण ते थांबायची. का थांबायची ते त्या हॉलमध्ये फक्त तुला माहिती आहे. बाकी सगळ्यांकडे 'बाई थांबायच्या' एवढंच आहे.

म्हणून सांगायचं का हा तुझा प्रश्न, तर हो, सांगायचं. पण एक गोष्ट आधी कर, आजच कर, तिच्या मुलीला फोन कर. अडखळण्याची गोष्ट तिची होती, तिने ती विद्यार्थ्यांना कधी सांगितली नसेल तर त्यामागे तिचं काही कारण असेल, आणि ती स्वतः आता सांगू शकत नाही. मुलीला सरळ विचार, मी हे सांगू का, तुझ्या आईला चाललं असतं का. ती नको म्हणाली तर नको, वाद घालू नकोस, मग फक्त इतकंच सांग की तिला वर्गात उभं राहून बोलायची भीती वाटायची आणि दोघींनी मिळून पाढा म्हटला की भीती जायची, तेवढ्यानेही काम होतं. पण हो म्हणाली (मला वाटतं म्हणेल), तर न लाजता सांग, नेमकं सांग, 'स' वर कशी अडायची तेही सांग. त्या शंभर जणांत एखादा तरी असा बसलेला असेल ज्याचा शब्द आजही घशात अडकतो, त्याला घरी जाताना काय वाटेल विचार कर.

सहीचं? सांग की! पोरं हसतील आणि मला वाटतं त्या सभेत कोणीतरी हसवायलाच हवं. सहावीत गणितात नापास झालेली मुलगी गणिताची शिक्षिका झाली, ही गोष्ट लपवायची आहे का खरंच? मला तर तिच्याबद्दल वाचलेल्या सगळ्यात ही सर्वात आवडली. आणि ते 'कधी रागावल्याच नाहीत' ते खोडून काढायला जाऊ नकोस, त्या पोराला तशाच आठवतात तर आठवू देत, तू फक्त तुझी खरी गोष्ट सांग. माणूस गेल्यावर आपण त्याला गुळगुळीत करून टाकतो, हसतमुख, मनमिळाऊ, कधीही भरून न निघणारी पोकळी, हे शब्द कोणालाही लावता येतात म्हणून त्यातून कोणीच दिसत नाही. एक खोटी सही दिसते. दारात पहारा देणारी तू दिसतेस.

आता त्या चिडीबद्दल. तू लाजून लिहिलंयस ते, लाजू नकोस. लहानपणीचा मित्र किंवा मैत्रीण शिक्षक झाली की ती थोडी सगळ्यांची होते, आणि ज्याची ती आधीपासून असते त्याच्या वाट्याला कमी येते, हे खरंच होतं, तुझं काही कल्पनेतलं नाहीये. 'दुसरी आई' वाचून तुला वाटलं असणार, तुम्ही कोण, मी तिला तुमच्या आधीपासून ओळखते. बरोबर आहे. पण ती मुलंही खोटं बोलत नाहीयेत. आल्बेर काम्यू या लेखकाला 1957 साली नोबेल मिळालं, वडील तो लहान असतानाच पहिल्या महायुद्धात गेलेले, घरात गरिबी, आणि प्राथमिक शाळेतल्या त्याच्या मास्तरांनी, लुई जर्मेन त्यांचं नाव, मागे लागून त्याला स्कॉलरशिपच्या परीक्षेला बसवलं होतं. नोबेलची बातमी आल्यावर त्याने 19 नोव्हेंबरला त्या मास्तरांना पत्र लिहिलं की बातमी कळल्यावर आईनंतर पहिला विचार तुमचा आला. म्हणजे आईच्या शेजारी शिक्षकाला बसवणं हे ग्रुपवरच्या पोरांनी आज काढलेलं नाही. पण मला त्यातली पुढची गोष्ट जास्त आवडते. 1959 साली मास्तरांनी त्याला एक पत्र लिहिलं, तेव्हा तो जगप्रसिद्ध होता, आणि त्या पत्राची सुरुवात काय, तर 'माझ्या लाडक्या पोरा' अशा अर्थाची. जगाने कितीही मोठं केलं तरी एखाद्या माणसाकडे आपलं लहान असणं सांभाळून ठेवलेलं असतं. तुझ्या मैत्रिणीचं ते तुझ्याकडे आहे. तिने मेसेजमध्ये 'आठवण येते गं' लिहिलं, तो 'गं' बघ. एवढ्या मुलांची बाई झालेली बाई तो 'गं' किती जणांना लिहीत असेल?

आणि आता तो अंगठा.

मी तुला असं सांगणार नाही की तिने माफ केलं असेल, मला कसं माहीत, मी तिला ओळखत नव्हते. तो अंगठा कमी होता. हो, कमीच होता, तुला ते माहिती आहे म्हणून तू शब्द दोनदा लिहिलास. पण त्या मेसेजला अंगठा पाठवणारी तू आणि आईच्या आजारपणात रात्र रात्र जागून थकलेली, एकटी पडलेली तू, एकच बाई आहेस, आणि तू तिला जे बोललीस ते म्हणजे 'मला तू हवी होतीस' हेच होतं, फक्त ते वाकडं बाहेर आलं. जवळच्या माणसावरच ते असं वाकडं येतं. आणि तिनेही अबोला तोडायला 5 वर्षं घेतली, हेही विसरू नकोस, दोघींचा हट्ट होता तो. माझीही एक मैत्रीण अशीच गेली, आमचं भांडण नव्हतं, नुसता आळस होता दोन्हीकडून, करू फोन, करू फोन, आणि तिच्या सभेत मला बोलायला सांगितलं तेव्हा मी मागे बसून राहिले कारण मलाही वाटलं माझा काय हक्क. तिला झाडावर चढता यायचं हे त्या सभेत कोणालाच माहीत नव्हतं. 11 वर्षं झाली, अजून सलतं, म्हणून तुला इतकं आग्रहाने सांगतेय.

भांडण आणि अंगठा मात्र स्टेजवर नेऊ नकोस. तिथे माफी मागितलीस तर सगळे तुला धीर द्यायला लागतील आणि ते 5 मिनिटं तुझे होतील, तिचे राहणार नाहीत. त्याची जागा वेगळी आहे. तिला पत्र लिही. पोस्ट करायचं नाही, कोणाला दाखवायचं नाही, शुद्धलेखन बघायचं नाही. जेम्स पेनेबेकर या मानसशास्त्रज्ञाने 1980च्या दशकात लोकांना मनात कोंडलेल्या गोष्टींवर असं लिहायला लावून बघितलं होतं, रोज 15-20 मिनिटं, सलग 3-4 दिवस, इतकंच. याने चमत्कार होत नाही आणि सगळ्यांना उपयोग होतोच असंही नाही, लिहून झाल्या झाल्या तर बऱ्याचदा आणखी वाईट वाटतं, ते धरूनच चाल. पण जे बोलणं अर्धं राहिलंय ते निदान कागदावर तरी पूर्ण होऊ दे. सभेच्या आदल्या दिवशी मात्र लिहू नकोस.

टप्प्यांचं मनातून काढून टाक. ते पाच टप्पे एलिझाबेथ कुब्लर-रॉस यांनी 1969 साली मांडले ते मरणाच्या दारात असलेल्या पेशंटशी बोलून, मागे राहिलेल्या मैत्रिणींशी बोलून नाही, आणि ते सगळ्यांना त्याच क्रमाने यायलाच हवेत असं काही नसतं. रडू येत नाही म्हणजे दुःख नाही असं होत नाही. तुझ्या बाबतीत मला वाटतं दुसरंच काहीतरी आहे. मैत्रीण गेल्यावर ऑफिसात कोणी रजा देत नाही, घरी कोणी भेटायला येत नाही, लोक विचारतात 'कोण, नातेवाईक का?' आणि आपण म्हणतो 'नाही, मैत्रीण' आणि विषय संपतो. त्यात तुमचं बोलणं बंद होतं म्हणजे तुलाच वाटतं आपल्याला दुःख करायची परवानगी नाही. केनेथ डोका नावाच्या अभ्यासकाने 1989 मध्ये याच प्रकाराबद्दल लिहिलं, ज्या दुःखाला आजूबाजूचे लोक दुःख म्हणून मान्यताच देत नाहीत ते. तुझं ते आहे असं मला वाटतं, आणि रविवारी तुला माईकवर बोलावणारी ती मुलं नकळत तुला तीच मान्यता देतायत, ज्यांच्यावर तू चिडलीयस तीच. दीड महिना म्हणजे काहीच नाही, सध्या आहे तसं राहू दे. पण सहा-आठ महिन्यांनीही रोजचं काम, झोप, जेवण काहीच जमत नसेल तर डॉक्टर किंवा समुपदेशकाकडे जा, त्यात कमीपणा नाही.

आता रविवारचं. 5 मिनिटं म्हणजे हाताने लिहिलेली दीड-दोन पानं, जास्त नाही. जन्म कधी, शिक्षण किती, हे बोलू नकोस, ते सूत्रसंचालन करणारा सांगेलच. बाकावरून सुरुवात कर, बाक कसा होता, कोण भिंतीकडे बसायचं, तिच्या कंपासपेटीत काय असायचं, आठवेल ते. आठवण म्हणजे काही व्हिडिओ नसतो, आपण दर वेळी ती थोडी नव्याने जुळवतो, त्यामुळे एखादी गोष्ट नक्की तशीच झाली का अशी शंका आली तर त्या वेळच्या दुसऱ्या कोणाला तरी विचारून घे, नाहीतर 'मला असं आठवतं' म्हण, तेही खरंच असतं. गोष्टी दोनच घे. सहीची पहिली, म्हणजे लोक सैल होतील, तूही होशील. मग 'थांब ना, येतंय मला'. हे वाक्य म्हणून झालं की लगेच पुढे जाऊ नकोस, जरा थांब, पोरांना ते आपोआप ऐकू येईल, त्यांच्या चेहऱ्यावर दिसेल तुला. समजावून सांगावं लागणार नाही. ज्या मुलाने ते ग्रुपवर लिहिलंय त्याला शक्य झालं तर पुढच्या रांगेत बसव.

मध्येच घसा दाटला तर दाटू दे. कागद हातात ठेव, पाणी पी, वेळ घे, तिच्या वर्गात शिकलेली मुलं आहेत ती, त्यांना थांबता येतं.

आणि शेवटी आभार, श्रद्धांजली असलं काही म्हणू नकोस. सगळ्यांना उभं राहायला सांग आणि सांग की हा पाढा तिला एकटीला कधी आला नाही. मग तू 'सतरा एके सतरा' म्हण, त्यांच्यासाठी जरा थांब, आणि 'सतरा दुणे'पासून सगळ्यांनी मिळून.